पडण्याचे शिक्षण

आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गात आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकही डाव शिकवत नाहीत; त्याला पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे ओढून घ्यायची, पाठ गोल करायची, श्वास कोंडून न धरता सोडायचा आणि एका खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरके गडगडत जाऊन त्याच वेगात उभे राहायचे, एवढाच तो धडा असतो. जपानी भाषेत त्याला उकेमी म्हणतात. मी हा धडा वयाच्या ४२व्या वर्षी, नागपुरात धंतोलीतल्या एका छोट्या सभागृहात गिरवला आणि पहिले सहा आठवडे दुसरे काहीही केले नाही.

मी तेथे गेलो तो मारामारी शिकण्यासाठी नव्हे. त्याच्या आदल्या वर्षी माझी आई महालातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात पाय घसरून एका कुशीवर पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण पूर्वीसारखे चालणे तिला पुन्हा जमले नाही. त्या क्षणाबद्दल ती नंतर अनेकदा बोलायची आणि दर वेळी तेच सांगायची, ‘‘अंग ताठ केलं रे मी.’’ सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिला पोहायला शिकवणारे कोणी भेटले होते, सायकल शिकवणारेही भेटले होते. पडावे कसे हे मात्र कोणी सांगितले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो आणि त्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. हॉलंडमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत असे दिसले, की ज्युडोत मुरलेल्या माणसांनी कुशीवर पडताना तेथील पद्धतीप्रमाणे अंग वळवले, तर खुब्यावर बसणारा आघात पाव भागाहून थोडा अधिक कमी होतो. इतकी उपयोगी आणि इतकी स्वस्त गोष्ट आपल्या एकाही शाळेच्या अभ्यासक्रमात का नसावी, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही आणि हा लेख त्याच प्रश्नातून लिहिला आहे.

माझे म्हणणे असे आहे, की आपल्या शहरातील शाळांनी, महानगरपालिकेच्या क्रीडा संकुलांनी आणि महाल-इतवारीतल्या जुन्या व्यायामशाळांनी स्पर्धा नसलेल्या देहसाधनेसाठी ठरलेली जागा आणि ठरलेला वेळ राखून ठेवावा, आणि आयकिडो ही त्या जागेत सर्वप्रथम यावी अशी विद्या आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे-चौघे सहकारी एका शाळेच्या व्यवस्थापनाकडे हाच प्रस्ताव घेऊन गेलो होतो. शुल्क नको, फक्त आठवड्यातून दोन सायंकाळी सभागृह द्यावे, एवढी मागणी होती. आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न आला तो जिल्हास्तरीय स्पर्धा कधी असतात, हा. आयकिडोत सामने होत नाहीत असे सांगितल्यावर दुसरा प्रश्न आला, ‘‘मग मुलांना त्याचा फायदा काय?’’ तो विचारणाऱ्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. दहावी-बारावीला खेळाडू विद्यार्थ्यांना मिळणारे सवलतीचे गुण आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी राखलेल्या ५ टक्के जागा, या दोन्ही गोष्टी स्पर्धेतील कामगिरीशी बांधलेल्या आहेत, आणि सामान्य घरातल्या मुलामुलींना त्यांनी खरोखर हात दिला आहे. त्या काढून टाकाव्यात असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्यांचा एक परिणाम असा झाला, की ज्या हालचालीचे प्रमाणपत्र होऊ शकते तीच शाळेला हालचाल वाटू लागली. वर्गातल्या साठ मुलांपैकी चार मुले संघात निवडली जातात आणि उरलेली छप्पन्न मैदानाच्या कडेला उभी राहून आपले शरीर या कामाचे नाही असा निष्कर्ष काढतात. पुढे चाळिशीत रक्तदाब आणि गुडघे घेऊन ती माणसे फुटाळा तलावाच्या काठी चालायला येतात, तेव्हा आपल्या शरीराशी त्यांची ती जवळजवळ पहिलीच ओळख असते.

या छप्पन्न मुलांना आयकिडोच्या वर्गात कोणते स्थान मिळते, हे त्या सरावाची रचना पाहिल्याशिवाय कळणार नाही. सराव जोडीने होतो. एक जण हल्ला करतो, म्हणजे मनगट पकडतो, खांदा धरतो किंवा डोक्यावर हाताच्या कडेने प्रहार करतो. त्याला उके म्हणतात. दुसरा त्या हल्ल्याच्या रेषेतून बाजूला सरकतो, त्याचा वेग अडवण्याऐवजी पुढे नेतो, तोल बिघडवतो आणि त्याला खाली आणतो. त्याला नागे म्हणतात. बहुतेक ठिकाणी चार वेळा हे झाले की भूमिका बदलतात. त्यामुळे एका तासाच्या वर्गात वर्गातला सर्वांत कुशल माणूसही अर्धा वेळ खाली पडत असतो, आणि काल आलेला मुलगाही अर्धा वेळ दुसऱ्याला खाली आणत असतो. कोणी बाद होत नाही, कोणी राखीव बसत नाही. मला ही व्यवस्था अतिशय मोलाची वाटते, कारण हरणे ही तेथे शिक्षा राहत नाही, ती सरावाची अर्धी बाजू होते. आणि ज्याचे मनगट आपण पिळतो आहोत तोच पुढच्या मिनिटाला आपले मनगट पिळणार असल्यामुळे, किती पिळावे याचे भान कोणी उपदेश न करता हाताला येते.

‘आय’ म्हणजे जुळणे, ‘कि’ म्हणजे प्राणशक्ती आणि ‘डो’ म्हणजे मार्ग, अशी या शब्दाची फोड केली जाते. नागपूरकराला जपान म्हटले की कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आठवते, किंवा १९६०च्या दशकात जपानातून येऊन दीक्षाभूमीच्या या शहराला आपले मानणारे भदन्त सुरेई ससाई आठवतात. त्यामुळे आयकिडो हीदेखील बौद्ध साधना असावी, असे अनेक जण मला विचारतात. तसे नाही. या विद्येचे प्रवर्तक मोरिहेइ उएशिबा यांची श्रद्धा शिंतो परंपरेतून उगवलेल्या ओमोतो या पंथावर होती. १८८३ साली वाकायामा प्रांतातील तानाबे गावी जन्मलेला हा माणूस रशिया-जपान युद्धात सैनिक म्हणून लढला, १९१२ साली काही कुटुंबांना घेऊन होक्काइदोच्या उत्तर भागात नवी वस्ती वसवायला गेला आणि तेथे १९१५ साली त्याची गाठ ताकेदा सोकाकु या कठोर गुरूशी पडली. ताकेदांची दाइतो-र्यू ही विद्या सांधे मोडण्यात आणि शत्रूला निकामी करण्यात तरबेज होती. आयकिडोतले बहुतेक डाव मुळात तेथले आहेत. उएशिबांनी डाव फारसे बदलले नाहीत, त्यांचा शेवट बदलला. जेथे सांधा मोडायचा तेथे तो मोडण्याच्या क्षणाआधी थांबवून समोरच्याला जमिनीवर सुखरूप नेऊन ठेवायचे, हा तो बदल होता.

या इतिहासाला सोवळे नेसवण्याचे कारण नाही. युद्धपूर्व काळात उएशिबांनी लष्करी संस्थांमध्ये शिकवले होते, हे सत्य आहे. १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी तोक्यो सोडून इवामा या खेड्यात शेती आणि साधना सुरू केली. आयकिडो हे नाव अधिकृतपणे रूढ झाले तेही त्याच वर्षी. पराभवानंतर त्यांच्या संस्थेला १९४८ साली पुन्हा मान्यता मिळाली आणि पुढे १९६९ साली मृत्यू येईपर्यंत ते ‘मासाकात्सु आगात्सु’, म्हणजे खरा विजय तो स्वतःवरचा विजय, हेच सांगत राहिले. मला हा प्रवास अधिक विश्वासाचा वाटतो तो याचसाठी, की हिंसेचे तंत्र ज्याला पूर्णपणे अवगत होते आणि तिचा शेवट ज्याने आपल्या देशात डोळ्यांनी पाहिला, त्या माणसाने संयमाचा आग्रह धरला. आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तेथे ज्यांनी आश्रम उभारला त्या गांधीजींनी १९२० साली ‘यंग इंडिया’मध्ये स्पष्ट लिहिले होते, की भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवड करायची वेळ आली तर मी हिंसेचा सल्ला देईन, अहिंसा त्यांनी दोन्हींच्या वर ठेवली होती आणि ती समर्थाची मानली होती. विदर्भातल्या वाचकाला आयकिडोचे तत्त्वज्ञान समजावून सांगायला जपानपर्यंत जावे लागत नाही, असे मला वाटते ते यामुळे. दुसऱ्याला इजा करण्याची ताकद अंगात असणे आणि ती न वापरण्याइतका ताबा असणे, या दोन गोष्टी एकत्र असल्याशिवाय ‘मी मारले नाही’ या वाक्याला अर्थ येत नाही.

आपला कायदाही नेमके हेच मागतो, आणि याकडे स्वसंरक्षणाचे वर्ग चालवणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे, आणि जुन्या दंड संहितेच्या कलम ९९ मध्ये जी मर्यादा होती ती आता कलम ३७ मध्ये आहे: बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत हा हक्क पोहोचत नाही. शिबिरांमध्ये मात्र डोळ्यांत बोटे घाला, गुडघा मारा, नाक फोडा, एवढेच शिकवले जाते. प्राणावर बेतलेल्या प्रसंगी तेही यावे, याबद्दल माझा वाद नाही. पण चौकात आरशाला आरसा घासला म्हणून कॉलर धरणारा तरुण, लग्नघरात दारू पिऊन अंगावर येणारा चुलत मेहुणा, वसतिगृहात धक्काबुक्की करणारा सहाध्यायी, या प्रसंगी डोळ्यांत बोटे घालणारा माणूस रात्री पोलीस ठाण्यात बसलेला असतो आणि काहीच न येणारा माणूस अपमान गिळून घरी येतो. या दोन टोकांच्या मध्ये जी भली मोठी जागा आहे, तिच्यात वापरता येईल असे काहीतरी मुलांच्या हाती द्यायला हवे.

मुलींच्या बाबतीत ही निकड अधिक आहे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिले जाते. ते तीन महिन्यांचे असते. काहीच नसण्यापेक्षा ते निश्चितच चांगले आहे. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते आहे, की बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणजे मुलीला ज्याच्यापासून सावध राहायचे तो बहुतेक वेळा अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड नसतो, तर ज्याला घरात सगळे काका किंवा दादा म्हणतात असा कोणी असतो, आणि सुरुवात प्रहाराने होत नाही, मनगट धरण्याने किंवा उगाच जवळ सरकण्याने होते. तीन महिन्यांत शिकवलेला गुद्दा ती त्याच्यावर उगारत नाही, कारण तो उगारण्याइतके मोठे काही घडले आहे का, याचीच तिला खात्री नसते. आयकिडोत पहिल्या महिन्यापासून मनगट सोडवणे असते, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे माआइ असते, म्हणजे दोन माणसांमधल्या अंतराचे भान. समोरचा किती जवळ आला की आपण पाऊल हलवायचे, हे रोजच्या सरावाने शरीराला समजते. आमच्या वर्गातली एक आठवीतली मुलगी दीड वर्षाने एवढेच म्हणाली होती, ‘‘काका, आता कोणी फार जवळ आलं तर मला आधीच कळतं आणि मी सरकते. पूर्वी मी थिजायची.’’ कोणतेही पदक मला या वाक्याएवढे मोठे वाटत नाही.

आयकिडोवर होणारा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र मला टाळायचा नाही. टीकाकार म्हणतात, की येथे हल्ला करणारा सहकार्य करतो, आधी ठरल्याप्रमाणे पडतो, म्हणून सगळे सुंदर दिसते. प्रतिकार करणाऱ्या माणसासमोर हे टिकत नाही. हा आक्षेप बाहेरच्यांनीच घेतला आहे असेही नाही. ज्युडोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्या परंपरेत वाढलेले आणि उएशिबांचेही शिष्य असलेले केंजी तोमिकी यांनी वासेदा विद्यापीठात शिकवताना हाच विचार केला आणि आयकिडोत सामन्यांची पद्धत आणली. मूळ संस्थेने ती स्वीकारली नाही आणि दोन वाटा झाल्या. तोमिकींच्या चिंतेत तथ्य आहे. उकेने प्रामाणिक हल्ला केला नाही तर सराव नाच होतो, आणि असे वर्ग मी पाहिले आहेत. पण त्यावरचा उपाय सामना हाच आहे असे मला वाटत नाही. हल्ला खरा असावा, पकड घट्ट असावी, तोल बिघडला नसेल तर उकेने पडू नये, हे शिक्षकाने बजावत राहणे हा उपाय आहे, आणि तो अवघड असला तरी शक्य आहे. सामना आला की वजनगट येतात, वयोगट येतात, आणि ४५ किलोची मुलगी व ८० किलोचा पुरुष एकमेकांबरोबर सराव करू शकतात, ही या विद्येची सर्वांत उपयोगी गोष्ट निघून जाते. कारण आयुष्यात अंगावर येणारा माणूस वजनगट पाहून येत नाही. आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की ज्याला सहा महिन्यांत झुंजायला शिकायचे आहे त्याने आयकिडोकडे येऊ नये, मुष्टियुद्ध किंवा कुस्तीकडे जावे. आयकिडो सावकाश मुरते. काळा पट्टा मिळायला नियमित सराव करणाऱ्यालाही सहसा चार-पाच वर्षे लागतात, आणि तो मिळाल्यावर शिक्षक सांगतात की आता तुमची सुरुवात झाली.

आमच्याकडे आखाडे असताना परदेशी विद्या कशाला, असेही विचारले जाते. हा प्रश्न विचारणाऱ्यांविषयी मला आदर आहे, कारण त्यांतले पुष्कळ जण स्वतः लाल मातीत वाढलेले आहेत. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावणे, वस्तादांच्या पाया पडणे, खडाखडी होण्याआधी हात मिळवणे, यांत आणि डोजोत, म्हणजे आयकिडोच्या सरावाच्या जागेत, शिरताना वाकून नमस्कार करण्यात मला फरक दिसत नाही. आखाड्यात पूर्वी सगळे पैलवान फडावर जायला येत नसत. पुष्कळ जण दुकान उघडण्याआधी जोर-बैठका आणि दोन पकडी करून, अंगाला माती लावून घरी जात आणि साठीपर्यंत तेच करत. ती स्पर्धेविना चाललेली साधनाच होती. गादीवरची कुस्ती आणि पदके आली तेव्हा कुस्तीचे भले झाले, पण तो रोज सकाळचा सामान्य माणूस आखाड्यातून हळूहळू नाहीसा झाला. आयकिडोने कुस्तीची जागा घ्यावी असे मी म्हणत नाही. त्या हरवलेल्या माणसाला पुन्हा बोलवायचे असेल तर त्याला काहीतरी द्यावे लागेल, आणि वजन कमी-जास्त असलेल्या, वय उलटलेल्या, बायका-पुरुष एकत्र असलेल्या गटाला चालेल अशी विद्या हाताशी आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. मल्लखांब किंवा लाठीकाठी शिकवणारे कोणी त्याच वृत्तीने, स्पर्धेवाचून शिकवणार असतील तर त्यांनाही हेच सभागृह मिळाले पाहिजे.

एका बाबतीत मात्र घाई नको. जपानने २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीची केली, तेव्हा तेथे मोठी चिंता व्यक्त झाली, कारण १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युडोच्या सरावात शंभराहून अधिक मुले दगावली होती आणि त्यांतल्या पुष्कळांच्या डोक्याला मार बसला होता. आयकिडोतही शिहो-नागेसारखा डाव अपुऱ्या उकेमीवर केला तर डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटते. म्हणून शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेतलेल्या माणसाच्या हाती चाळीस मुले देऊ नयेत. शिक्षकाची डान, म्हणजे काळ्या पट्ट्याची, श्रेणी कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेची आहे, त्याने किती वर्षे स्वतः पडून घेतले आहे, प्रथमोपचार येतात का, हे शाळेने विचारलेच पाहिजे, आणि पहिले पूर्ण सत्र फक्त उकेमी, गुडघ्यांवर चालणे आणि पायांची हालचाल एवढेच ठेवले पाहिजे. पालक विचारतील की चार महिने झाले, मुलगा अजून गडगडतोच आहे. त्यांना शाळेने उत्तर द्यावे लागेल.

खर्च फार नाही. एका मध्यम सभागृहात पुरतील एवढ्या मॅट लागतात, पोशाख पहिल्या वर्षी साधा पायजमा आणि सदरा चालतो, लाकडी काठी आणि लाकडी तलवार नंतर येतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वर्ग सकाळी सहाला घ्यावा लागतो, हे मी अनुभवाने सांगतो. आठवड्यातले दोन तास, जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा सुरू झाली की तेव्हापासून, आणि त्याच सभागृहात रविवारी सकाळी एक तास साठीपुढच्यांसाठी. त्यांना डाव नकोत. जमिनीवर बसणे, बसलेल्या स्थितीतून मागे लोळणे, पुन्हा हाताचा आधार न घेता उठणे, आणि तोल गेला की अंग ताठ न करता गोल करणे, एवढेच डॉक्टरांचा सल्ला घेऊन हळूहळू शिकवायचे. आमच्या वर्गात अशा सहा आजी-आजोबांबरोबर आम्ही हे दोन वर्षे केले. त्यांतल्या एक आजी पहिल्या दिवशी मॅटवर बसायलाही भीत होत्या, कारण खाली बसले तर उठता येणार नाही, असे त्यांना वाटत होते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी पाठीवर लोळून पुन्हा उठून बसायचे जमवले, आणि मग इतर पाच जणांकडे पाहून त्यांनी ते लगेच आणखी एकदा करून दाखवले.